खोक्यातल्या पावत्या आणि दोन वर्षांचा हिशेब

तुमची अडचण मला समजली ती अशी: दोघांचा छोटा दुरुस्तीचा व्यवसाय, दोन वर्षांच्या पावत्या बुटांच्या खोक्यात, त्यातल्या निम्म्या कोऱ्या पडलेल्या. कराच्या विवरणपत्रात खर्च दाखवायचाय. बँक स्टेटमेंटवर भागेल का, आणि यापुढे पावतीचा फोटो काढून कागद फेकून दिला तर चालेल का?

स्टेटमेंटवर भागत नाही. पैसे कोणाला गेले, किती गेले, कधी गेले एवढंच त्यात असतं. काय घेतलं ते नसतं. हार्डवेअरच्या दुकानात एका फटक्यात कार्ड घासलं, त्यात व्यवसायासाठी ड्रिलची पाती होती आणि घरच्या न्हाणीघरासाठी नळही होता, तर स्टेटमेंटवर दोन्ही मिळून एकच आकडा दिसणार. तपासणाऱ्याला तो आकडा संशयास्पद वाटला तर त्याची चूक नाही. उलट बाजूही तशीच. नुसतं बिल म्हणजे माल घेतला एवढंच. पैसे दिले की उधारी अजून उभी आहे, ते त्यावरून कळत नाही. म्हणून बिल आणि पैसे दिल्याची खूण, दोन्ही जोडीनं ठेवायची. कार्डाच्या मशिनमधून निघणारी छोटी चिठ्ठी म्हणजे बिल नव्हे. बरेच जण तीच जपून ठेवतात आणि वस्तूंची यादी असलेला लांब कागद दुकानातच टाकून येतात.

पण मला खरं बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. दुकानदाराचं नाव, तारीख, वस्तू आणि रक्कम या चार गोष्टी पावतीवर छापून येतात. पाचवी येत नाही: हे घेतलं कशासाठी? ती तुम्हालाच लिहावी लागते, आणि त्याच दिवशी.

मी प्रदर्शनांचे स्टॉल उभारून देते. सुरुवातीच्या काळात एका तपासणीत माझ्यासमोर कापडाचं एक बिल आलं, बऱ्यापैकी मोठं. बिल पक्कं, पैसे बँकेतून गेलेले, सगळं जागच्या जागी. विचारलं गेलं, हे कापड कुठल्या कामाला लागलं? मला आठवेना. त्याच सुमारास घरचे पडदेही बदलले होते, त्यामुळे छातीठोकपणे काही सांगायची सोय नव्हती. शेवटी तो खर्च मी स्वतःच सोडून दिला. दोन आठवड्यांनी जुन्या फोटोंमध्ये एका स्टॉलची मागची भिंत दिसली, तेच निळं कापड! बिलावर ‘अमक्या ग्राहकाचा स्टॉल, मागची भिंत’ एवढे शब्द असते तर काम झालं असतं. तेव्हापासून गाडीत बसायच्या आधी पावतीच्या मागे पेन्सिलीने कामाचं नाव लिहिते. जेवणाचं बिल असेल तर सोबत कोण होतं आणि बोलणं कशाचं झालं, तेही.

यावर अमेरिकेतला एक जुना खटला आहे, माझा आवडता. जॉर्ज एम. कोहन हा ब्रॉडवेवरचा मोठा नट-निर्माता. प्रवासावर आणि लोकांच्या पाहुणचारावर त्याने सढळ हाताने खर्च केला होता, नाट्यसमीक्षकांचा पाहुणचारही त्यात आला, आणि हिशेब मात्र ठेवला नव्हता. करखात्याने सगळा खर्च नाकारला. १९३०मध्ये न्यायाधीश लर्नेड हँड यांनी म्हटलं की काहीतरी खर्च झालाय हे उघड असताना शून्य धरणं बरोबर नाही, अंदाज बांधा; मात्र ज्याच्या ढिसाळपणामुळे अंदाज बांधायची वेळ आली त्याला झुकतं माप द्यायची गरज नाही. याला पुढे ‘कोहन नियम’ म्हणू लागले. लोकांनी त्याचा इतका आधार घेतला की १९६२मध्ये कायदा बदलून प्रवास आणि पाहुणचारापुरता तो मोडीत काढला गेला. तेव्हापासून तिथे प्रवासासारख्या खर्चासाठी रक्कम, वेळ, ठिकाण यांच्या जोडीला व्यावसायिक हेतूही सिद्ध करावा लागतो. म्हणजे तीच आपली पाचवी गोष्ट.

आता कोऱ्या पडलेल्या पावत्या. त्या तुमच्या निष्काळजीपणाने गेल्या असं मनाला लावून घेऊ नका. तो कागदच तसा असतो. थर्मल कागदावर शाई नसतेच. कागदाच्या थरात एक रंगहीन रंगद्रव्य आणि त्याला रंग आणणारं दुसरं रसायन असतं. मशिनच्या गरम टोकाखाली दोन्ही वितळून एकत्र येतात आणि अक्षर काळं उमटतं. ही जोडी जितकी सहज जुळते तितकीच सहज तुटते. ऊन, दमट हवा, हाताचं तेल, सॅनिटायझरमधलं अल्कोहोल, यातलं काहीही पुरतं. सगळ्यात मोठा घात करतात त्या मऊ प्लास्टिकच्या पिशव्या. पीव्हीसी हे त्यांचं प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात घातलेली द्रव्यं हळूहळू कागदात उतरतात आणि अक्षरं पुसतात. म्हणजे आपण जपून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये लावलेल्या पावत्या सगळ्यात आधी जातात! मजकुरावर चिकटपट्टी लावली तरी तोच प्रकार, आणि रक्कम उठून दिसावी म्हणून हायलायटर फिरवला तर नेमकी रक्कमच उडण्याची भीती. लॅमिनेशनला तर कधीच देऊ नका, त्या उष्णतेने अख्खा कागद काळा होतो.

कोरी पावती केस वाळवायच्या यंत्राने तापवली की अक्षरं परत दिसतात, असं कोणी ना कोणी सांगतंच. कधीकधी दिसतातही, पण तेवढ्यात बाकीचा कागद काळवंडला तर होतं तेही गेलं. त्याआधी फोटो काढून संगणकावर काळं-पांढरं गडद करून बघा. डोळ्यांना न दिसणारं बरंच काही त्यात वर येतं.

यावरूनच फोटोच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं: फोटो काढायचाच, आणि पावती हातात पडल्या दिवशीच. वाचता येईल अशी पूर्ण डिजिटल प्रत अनेक देशांतली करखाती मानतात. अमेरिकेत तर १९९७पासून त्याचे लेखी नियम आहेत. ‘पूर्ण’ हा शब्द महत्त्वाचा. लांब पावतीचा खालचा तुकडा कापला गेला, मागची बाजू राहिली, कोपऱ्यात अंगठा आला, तर ती प्रत अर्धवट. कागद मी तरीही त्या वर्षाचं विवरणपत्र भरून होईपर्यंत टाकत नाही, आणि यंत्रांची बिलं तर अजिबात नाही, वॉरंटीला लागतात. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग दुकान, मग रक्कम. अशी नावं दिली की यादी आपोआप तारखेप्रमाणे लागते. आणि फोटो फक्त फोनमध्ये ठेवू नका. फोन पाण्यात पडला की खोकं आणि फोन यांत काही फरक राहत नाही. पावत्यांची अॅप चांगली आहेत, पण नव्याचे नऊ दिवस संपल्यावर ज्याची सवय टिकेल तेच वापरा. माझं काम साध्या फोल्डरवर आणि एका तक्त्यावर चालतं.

पार्किंग, हमाली, रस्त्यात घेतलेली सुतळी, यांचं बिल मिळत नाही. त्यासाठी क्रमांक घातलेलं व्हाउचर बुक ठेवा: तारीख, कोणाला, कशासाठी, किती, आणि शक्य तिथे पैसे घेणाऱ्याची सही. आपणच लिहिलेलं व्हाउचर म्हणजे उंदराला मांजर साक्ष, असं कोणी म्हणेल. एकेकटं पाहिलं तर आहेच तसं. पण क्रमाने, त्या त्या दिवशी, वेगवेगळ्या पेनांनी भरलेलं पुस्तक आणि वर्षाअखेरीस एका बैठकीत एकाच पेनाने भरलेलं पुस्तक, हा फरक पाहणाऱ्याला लगेच कळतो. मोठी रक्कम मात्र व्हाउचरवर ढकलू नका. तिथे पक्कं बिल मागा, नाही मिळालं तर दुसरा दुकानदार बघा.

तुम्ही दोघं आहात म्हणून एक सावधगिरी. एकच खर्च दोनदा धरला जाणं ही पावती हरवण्याइतकीच नेहमीची चूक आहे. एकाने दुकानातून बिल आणलं, तेच बिल ईमेलवरही आलं, आणि कार्डाच्या नोंदीतून तिसऱ्यांदा चढलं. नोंद झाली की कागदावर शिक्का किंवा बरोबरची खूण, आणि खिशातून घातलेले पैसे पेटीतून परत दिले की ‘दिले’ असं लिहून दोघांची सही. परत केलेल्या मालाचे पैसे आले तर ते खर्चातून वजा करायचे, हे तर हमखास विसरतं.

पावत्या किती वर्षं ठेवायच्या ते देशावर आणि कराच्या प्रकारावर आहे. ऑस्ट्रेलियात साधारण ५ वर्षं, कॅनडात ६, ब्रिटनमध्ये स्वतःचा धंदा असणाऱ्यांना ३१ जानेवारीच्या विवरणपत्राच्या मुदतीनंतर किमान ५, अमेरिकेत बहुतेकांना ३ पण बरंच उत्पन्न दाखवायचं राहिलं असेल तर ६. भारतात जीएसटीची नोंदणी असेल तर त्या वर्षीच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने. यंत्र, वाहन यांची बिलं ती वस्तू विकेपर्यंत आणि त्यापुढेही ठरलेली वर्षं ठेवायची, कारण घसारा, म्हणजे वस्तूची दरवर्षी घटणारी किंमत, आणि विक्रीचा नफा त्यावरूनच निघतो.

तुमच्या खोक्याचं आता काय? खोक्यापासून सुरुवात करू नका. दोन वर्षांची स्टेटमेंट छापून घ्या, व्यवसायाच्या ओळींवर खूण करा आणि एकेका ओळीला पावती शोधा. सापडली की ओळीवर आणि पावतीवर तोच क्रमांक घाला. ज्या ओळी उघड्या राहतील त्यांच्यासाठी ईमेल चाळा. मग दुकानदारांना तारीख, रक्कम आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे देऊन बिलाची दुसरी प्रत मागा. नेहमीचे दुकानदार बहुधा देतात. कामाच्या डायऱ्या, ग्राहकांचे मेसेज, दुरुस्तीचे फोटो हे ‘कशासाठी’चं उत्तर म्हणून जोडता येतात. हे आत्ता लिहिताय तर आजचीच तारीख घाला. मागची तारीख टाकून नवी पावती बनवायचा मोह होईल, पण एक बनावट सापडली की खऱ्या शंभरांवरचाही विश्वास जातो. घरचा की धंद्याचा हे तुम्हालाच ठरवता येत नाही तो खर्च सोडून द्या. आणि जे उरेल ते घेऊन कर सल्लागाराकडे जा. खोकं त्याच्या टेबलावर रिकामं करायचे पैसे तो तासाच्या हिशेबाने लावेल.

सुरुवात सगळ्यात अलीकडच्या महिन्यापासून करा आणि मागे मागे जा. ताज्या पावत्यांवरची अक्षरं अजून शाबूत आहेत, त्यांचे फोटो आज रात्रीच निघायला हवेत.