संगणकावरच्या कॅलेंडर ॲपमध्ये तुम्हाला कोणत्या सुधारणा हव्या आहेत?

रंग, डार्क मोड, विजेट यांतलं मला काही नको. ते सगळं भरपूर झालंय. मला खरं तर एकच गोष्ट हवी आहे, फक्त ती वेगवेगळ्या ठिकाणी अडते म्हणून उत्तर लांबेल. मी सांगितलेला नियम कॅलेंडरने नियम म्हणूनच जपून ठेवावा. सध्या नियम माझ्या डोक्यात असतो आणि त्यातून निघालेली तारीख तेवढी मी ॲपमध्ये भरतो. वर्ष बदललं की पुन्हा बसून सगळ्या तारखा भरा. हे मीच करायचं तर संगणक कशाला घेतला?

सांगलीत माझं कर सल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. जीएसटीआर-१ (जीएसटीचं विक्रीचं विवरण) महिन्याच्या ११ तारखेला, ३बी (जीएसटी भरण्याचं विवरण) २० ला, टीडीएसचं (पैसे देतानाच कापून घेतलेल्या प्राप्तिकराचं) चलन ७ ला. एवढं कुठलंही ॲप निमूट सांभाळतं. पण मार्चमध्ये कापलेल्या टीडीएसची मुदत ७ एप्रिल नसते, ३० एप्रिल असते. म्हणजे खरा नियम असा: दर महिन्याच्या ७ ला, फक्त एप्रिलमध्ये ३० ला. तिमाही रिटर्नवाल्या छोट्या पार्ट्यांची (म्हणजे आमच्या अशिलांची) ३बी महाराष्ट्रात तिमाहीनंतरच्या महिन्याच्या २२ ला, आणि त्याच पार्टीची शाखा कानपूरला असेल तर तिथल्या नोंदणीची २४ ला. ३बीला उशीर झाला की दिवसाला ५० रुपये लेट फी, निरंक (व्यवहारच नसलेली) असेल तर २०. रक्कम बघायला किरकोळ, पण पार्टी ती आमच्याच नावावर टाकते.

आता अग्रिम कर घ्या. जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च, चारही हप्ते १५ तारखेला. १५ ला रविवार आला की १४ चा शनिवार हमखास दुसरा शनिवार असतो, गणितच तसं आहे, आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी १ सप्टेंबर २०१५ पासून बँका बंद. १५ मार्च २०२६ चा रविवार नेमका असाच. नेट बँकिंगवाल्यांना फरक पडत नाही, पण चेक घेऊन बँकेच्या काउंटरवर जाणाऱ्या जुन्या पार्ट्या आमच्याकडे अजून आहेत. त्यांच्यासाठी मी १३ चा शुक्रवारच शेवटचा धरतो, आणि आठवण त्याच्याही दोन दिवस आधी हवी. ॲप काय करतं? ‘एक दिवस आधी’ म्हटलं म्हणून शनिवारी, ऑफिस बंद असताना, टिंग करून मोकळं होतं. ‘सुट्टी आली तर आधीच्या कामाच्या दिवशी सरकव’ आणि ‘आठवण कामाच्याच दिवशी दे’, एवढे दोन खुणेचे चौकोन मला पाहिजेत.

गंमत म्हणजे यातलं बरंचसं कॅलेंडरच्या मूळ मानकात आधीपासून आहे. एका ॲपमधून दुसऱ्यात नेताना जी आयसीएस फाइल मिळते तिची भाषा, म्हणजेच हे मानक, १९९८ मध्ये ठरली आणि २००९ मध्ये आरएफसी ५५४५ नावाने सुधारून आली (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांक घातलेले दस्तऐवज). ‘महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार’ हा नियम तिच्यात एका ओळीत मावतो. ‘महिन्याचा शेवटचा कामाचा दिवस’ही मावतो, सोमवार ते शुक्रवारातला शेवटचा एवढ्या अर्थाने. पण मी वापरतो त्या ॲपच्या खिडकीत पर्याय दिसतो तो ‘दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी’ एवढाच. चौथ्यासाठी वेगळी नोंद करा, आणि मग बदल दोन ठिकाणी करत बसा. त्याच ॲपमध्ये भाड्याची आठवण ३१ तारखेला लावून बघा. ज्या महिन्यात ३१ नाही तो महिना गाळला जातो, कारण मानक सांगतं की अस्तित्वात नसलेली तारीख सोडून द्या. ‘शेवटचा दिवस’ म्हणायची सोय मानकात आहे, खिडकीत नाही. २९ फेब्रुवारीला जन्मलेल्यांचं काय होतं ते तुम्हीच ओळखा.

सुट्ट्यांची तयार यादी हा आणखी एक डोकेदुखीचा भाग. ‘भारतातील सुट्ट्या’ हे कॅलेंडर जोडलं की देशभरचे सण दिसतात. त्यांतल्या कुठल्या दिवशी माझी बँक बंद आणि कुठल्या दिवशी उघडी, हे कळत नाही. शिवाय सुट्टी हलते. २०२४ मध्ये ईद-ए-मिलादची सुट्टी १६ सप्टेंबरला होती. १७ ला अनंत चतुर्दशी आल्यामुळे राज्य सरकारने मुंबई शहर आणि उपनगरांसाठी ती १८ ला नेली. मुंबईच्या पार्टीला १६ ला सुट्टी नाही आणि दुसऱ्या जिल्ह्यात असू शकते, अशी स्थिती. हे ॲपला आपोआप कळावं असा माझा हट्ट नाही. पण सुट्टीच्या यादीत मला स्वतःला जिल्ह्यानुसार बदल करता यावा, आणि तिच्यावर टेकलेल्या बाकीच्या तारखा आपसूक सरकाव्यात.

आता तिथी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मराठी घरातलं निम्मं कॅलेंडर तिथीवर चालतं आणि ॲपवाल्यांनी हा विषय ‘सणांची यादी’ देऊन मिटवलेला आहे. सण कुठल्याही भिंतीवरच्या कॅलेंडरात मिळतात. मला माझ्या घरच्या तिथी हव्यात. आमच्या आजोबांचं श्राद्ध श्रावण वद्य पंचमीला. २०२२ मध्ये ते ऑगस्टच्या मध्यावर आलं. २०२३ मध्ये १८ जुलै ते १६ ऑगस्ट अधिक श्रावण होता, त्यामुळे निज श्रावणातली पंचमी थेट सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेली. २०२४ मध्ये परत ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यात. ‘दरवर्षी’ हे बटण दाबून यातलं काहीच साधत नाही.

काही ॲपांत तारखेखाली बारीक अक्षरांत दुसरी कालगणना दाखवता येते. छान दिसतं, पण दाखवणं वेगळं आणि तिच्यावर नोंद टेकवणं वेगळं. शिवाय संगणकाच्या यादीत ‘भारतीय’ म्हणून जे असतं ते बहुतेक वेळा १९५७ साली सरकारने स्वीकारलेलं राष्ट्रीय शक पंचांग. मेघनाद साहांच्या समितीच्या शिफारशीवरून आलेलं, पूर्ण सौर. त्यात चैत्र आहे, श्रावण आहे, तिथी मात्र नाही. त्या चैत्राची पहिली तारीख २२ मार्चला, लीप वर्षात २१ ला, आणि आपला पाडवा बहुतेक वर्षी वेगळ्याच दिवशी. घरात कोणी ते वापरत नाही.

ग्रेगोरियनखेरीज इतर कालगणनांवर पुनरावृत्ती लावायची सोय मानकात २०१५ मध्ये आली, आरएफसी ७५२९. चिनी, हिब्रू वगैरे कॅलेंडरांच्या अधिक महिन्यांचा विचार त्यात आहे, आणि ज्या वर्षी तो महिना किंवा दिवस नसेल त्या वर्षी नोंद गाळायची, मागे घ्यायची की पुढे न्यायची, हे वापरणाऱ्याने ठरवायचं. अधिक महिन्यात गेलेल्या माणसाचं श्राद्ध इतर वर्षी कधी, हे मी आमच्या गुरुजींना विचारीन आणि ॲपला एकदाच सांगीन. ज्यू लोकांची हीच गरज आहे. मृत्यूचा दिवस हिब्रू तारखेने पाळतात. हेबकॅल या संकेतस्थळावर तारीख भरली की पुढच्या कित्येक वर्षांचे ते दिवस तयार करून मिळतात आणि आपल्या कॅलेंडरला जोडता येतात. तिथीसाठी तसं काही मुख्य कॅलेंडरच्या आतच मिळावं.

अर्थात आपलं प्रकरण हिब्रूपेक्षा अवघड आहे, हे मान्य. तिथी म्हणजे चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे जायला लागणारा वेळ, कधी १९-२० तास, कधी २६ च्या घरात. ती मध्यरात्री सुरू होत नाही. कधी एखादी तिथी एकाही सूर्योदयाला सापडत नाही, तिचा क्षय होतो. कधी दोन सूर्योदय पाहते. आणि कुठल्या वेळेची तिथी धरायची हे कामागणिक बदलतं. श्राद्धाला अपराण्हकाळची, संकष्टीला चंद्रोदयाची, गणेश चतुर्थीला मध्यान्हीची. चंद्रोदय तर गावागणिक वेगळा. नागपूर मुंबईच्या पूर्वेला सहा अंशांवर, म्हणून तिथे चंद्र साधारण पंचवीस मिनिटं आधी दिसतो. अमेरिकेतल्या भाचीची संकष्टी कधीकधी वेगळ्या तारखेलाच पडते. मग ती फोन करून आईला विचारते, आणि आई इथलं कॅलेंडर बघून तिथली तारीख सांगते. तर ॲपने विचारायला हवं: महिना, पक्ष, तिथी, कोणत्या वेळेची, कोणत्या गावची. पाच रकाने. पंचांगकर्त्यांमध्ये मतभेद असतील तिथे त्याने सरळ दोन्ही तारखा दाखवाव्यात आणि मला निवडू द्यावं. परस्पर निवाडा करू नये.

घड्याळाचं त्या मानाने सोपं. एक पार्टी न्यू जर्सीत आहे, मिरजेतल्या घराचं भाडं येतं त्यांना. आमचा ठरलेला फोन भारतीय वेळेने रात्री आठला, म्हणजे तिकडे हिवाळ्यात सकाळी साडेनऊ आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं पुढे गेली की साडेदहा. नोंद मी केली तर माझे आठ पक्के राहतात आणि त्यांची वेळ हलते. त्यांनी केली तर उलट. दोघांपैकी कोणाचं घड्याळ धरलंय हे नोंदीवर ठळक दिसतच नाही, खोलात शिरून शोधावं लागतं. आणि काही गोष्टींना कुठलंच घड्याळ नको असतं. सकाळी आठची रक्तदाबाची गोळी दुबईत गेल्यावर साडेसहाला आठवण करून देऊ लागली तर काय उपयोग? ‘मी असेन तिथले आठ’ हा प्रकार मानकात आहे, मॅकच्या कॅलेंडरमध्येही सापडतो. बाकी ठिकाणी मला दिसला नाही.

एका तारखेवर दुसरी अवलंबून असणं, हेही तसंच. नोटीस आली की मिळाल्याचा दिवस सोडून ३० दिवसांत उत्तर, त्याआधी दहा दिवस पार्टीकडून कागद, त्याआधी फोन. नोटीस मिळाल्याची तारीख बदलली तर चारही नोंदी हाताने हलवा. एक काम संपल्यावर अमुक दिवसांनी दुसरं, हे नातं लिहायची तरतूद २०२२ च्या आरएफसी ९२५३ मध्ये झालेली आहे. मी वापरलेल्या कुठल्याच ॲपात ते बटण नाही. मोठी प्रकल्प-नियोजनाची सॉफ्टवेअर हे करतात, पण तीन माणसांच्या ऑफिसात ती कोण शिकणार?

छपाईबद्दल थोडक्यात: महिन्याचं पान ए३ वर छापलं तर चौकोनातला मजकूर ‘पाटील ट्रेड…’ इथे तुटू नये. पडद्यावर जागा नसते हे समजतं, कागदावर आहे ना.

आणि एक मागणी घरच्यांच्या वतीने. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात आपल्याकडे काय काय लिहिलेलं असतं बघा: दूध नाही, गॅस लावला, बाई आली नाही, पेपर बंद. यातलं काहीच ‘कार्यक्रम’ नाही. घडून गेल्यावर केलेली ती टीप आहे, आणि महिनाअखेरीला दुधाचा हिशोब तिच्यावरूनच होतो. ॲपमध्ये हेच लिहायला गेलं की ते सुरुवात किती वाजता, शेवट किती वाजता, कोणाला बोलवायचं, असं विचारत बसतं. रोजच्या टिपणासाठी वेगळा प्रकार १९९८ च्या मूळ मानकापासून आहे, पण मोठ्या ॲपांनी तो घेतलाच नाही. त्या टिपांची बेरीजही करता आली तर आमची ही आनंदाने संगणकावर येईल. तोवर ती येणार नाही, मी सांगून थकलो.

तुम्ही हा प्रश्न स्वतः ॲप बनवायचं म्हणून विचारला असेल, तर तिथीपासून सुरुवात करू नका, त्यात वर्ष जाईल. आधी दुसरा-चौथा शनिवार, महिन्याचा शेवटचा दिवस आणि सुट्टी आली तर तारीख सरकवणं, एवढं खिडकीत आणा. पहिल्या दोहोंसाठी नवीन काही शोधायचं नाही. नियम हाताने लिहून आयसीएस फाइल आत घेतली तर बऱ्याच ॲपांना तो आजही कळतो, मी दुसरा-चौथा शनिवार तसाच घातलेला आहे. सरकवण्याला मात्र सुट्ट्यांची यादी लागेल, आणि ती माझ्या हातात द्या.