स्प्लेंडरच्या पिस्टन रिंगा बदलताना सिलिंडरला होनिंग (आतली भिंत दगडाने हलकी घासून खरबरीत करणं) करावंच लागतं का?

हो, स्लीव्ह (सिलिंडरच्या आतली नळी) बिडाची असेल तर कराच. जुना बोअर, म्हणजे पिस्टन फिरतो ती आतली पोकळी, आरशासारखा गुळगुळीत झालेला असतो. त्यावर तेल टिकत नाही, नव्या रिंगा बसत नाहीत आणि गाडी तेल खात राहते.

पण आधी बोअर मोजून घ्या. वरच्या कडेला नख अडकत असेल किंवा उभे ओरखडे असतील तर होनिंगने भागणार नाही. बोरिंग करून, म्हणजे बोअर कापून मोठा करून, ०.२५ मिमी ओव्हरसाइज पिस्टन टाकावा लागेल. होनिंगच करायचं असेल तर होन (घासायचे दगड लावलेलं अवजार) ड्रिलला लावा, वेग कमी ठेवा, तेल भरपूर सोडा आणि हात सतत वर-खाली हलवत राहा. साधारण ४५ अंशांच्या तिरप्या फुल्या दिसल्या की थांबा. थोडक्या सेकंदांचं काम आहे.

खरी मेहनत धुण्यात आहे, आणि नेमकी तीच बहुतेक जण टाळतात. नुसत्या पेट्रोलने दगडाची भुकटी निघत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रशने घासा. मग तेल लावलेलं पांढरं फडकं आतून फिरवा. ते करडं होतंय तोवर पुन्हा धुवा, नंतर लगेच तेलाचा हात द्या, नाहीतर गंज धरतो.

निकासिलचा (निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा कठीण) लेप असलेल्या सिलिंडरला मात्र हा दगडी होन लावू नका.