कंबरेला पट्टा बांधला तर जड ओझं उचलताना इजा टळते का?

पट्ट्याच्या भरवशावर राहू नका. तो बांधल्याने इजा टळते असं ठोस सिद्ध झालेलं नाही. उलट पट्टा आहे म्हणून माणूस झेपणार नाही ते उचलायला जातो.

वजनाइतकंच ते अंगापासून किती लांब आहे हेही महत्त्वाचं. कामगारांच्या सुरक्षेवर आणि आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश संस्थेच्या ओझं उचलण्याबद्दलच्या १९९१ च्या सूत्रात सगळं अनुकूल असताना मर्यादा २३ किलो धरली आहे. तेच ओझं घोट्यांपासून २५ ऐवजी ५० सेंटिमीटरवर धरलं, की मर्यादा थेट निम्म्यावर, साडेअकरा किलोवर येते. त्यात कंबरेतून वळून खोकं बाजूला ठेवलं की आणखी कमी. म्हणून पावलं वळवा, कंबर नको. सगळ्यात उत्तम म्हणजे ट्रॉली, किंवा माल गुडघ्याच्या वरच्या उंचीवर ठेवणं. हे काम मालकाचं आहे, कामगाराच्या पाठीचं नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. उसण भरली तर बहुतेकदा काही आठवड्यांत उतरते. पण जांघेत, गुदद्वाराभोवती बधिरपणा आला, लघवी अडली किंवा दोन्ही पायांतली ताकद गेली, तर मणक्यातली गादी सरकून नसांचा झुबका दाबला गेलेला असू शकतो. मालिश, शेक काही करत बसू नका, लगेच इस्पितळ गाठा. उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.