हॉल बांधण्याआधी त्याचा आवाज ऐकता येतो का?

प्रश्न : सोसायटीचा हॉल (२० मीटर लांब, १२ रुंद, ४ उंच) नव्याने बांधायचाय. जुन्या हॉलमध्ये सभेला मागच्यांना एक शब्द कळत नाही, नुसतं घुमतं. आर्किटेक्ट म्हणतात, नव्या हॉलचं कॉम्प्युटरवर मॉडेल करून तिथला आवाज आधी हेडफोनवर ऐकू. हा खर्च करावा का?
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : करावा. पण त्याआधी घुमणूक किती वेळ टिकेल हे सांगणारं सॅबाइनचं सूत्र वापरून कागदावर गणित मांडा : घनफळ गुणिले ०.१६१, भागिले एकूण शोषण. तुमचं घनफळ ९६० घनमीटर. टाइल्स, प्लास्टर, काच असं सगळं कडक असेल तर ७३६ चौरस मीटर पृष्ठभागाचं शोषण जेमतेम २२ भरतं, म्हणजे रिकाम्या हॉलमध्ये आवाज विरायला ७ सेकंद! भाषण कळायचं तर ही वेळ १ सेकंदाच्या आसपास हवी. छताला ०.८ शोषणांकाची (म्हणजे पडलेल्या आवाजापैकी ८० टक्के शोषणारी) १५० चौरस मीटर पॅनल लावली की उत्तर येतं १.१.

इथेच बरेच जण थांबतात आणि फसतात. आवाज खोलीत सगळीकडे सारखा पसरतो असं हे सूत्र धरून चालतं. सगळं शोषण छतालाच असेल तर समोरासमोरच्या उघड्या भिंतींमध्ये आवाज आडवा खेळत राहतो. १२ मीटरच्या अंतरात सेकंदाला १४ फेऱ्या होतात, आणि टाळी वाजवली की फडफड ऐकू येते. सूत्रात ती दिसत नाही, हेडफोनवर लगेच कळते. उपाय स्वस्त आहे : समोरासमोरच्या दोन भिंतींपैकी एकीवर, १ ते २.५ मीटर उंचीच्या पट्ट्यात पॅनल लावायची. दोन्ही पर्याय ऐका, मग कमिटीला समजवावं लागणार नाही.

ऐकवण्याआधी आर्किटेक्टना तीन गोष्टी विचारा. पॅनलचा शोषणांक कोणत्या मांडणीत मोजलाय? चाचणीत मागे ४०० मिमी पोकळी आणि साइटवर थेट स्लॅबला चिकटवलेलं, असं झालं तर खालच्या सुरांचं शोषण खूपच घटतं आणि ढोलकीचा घुमारा तसाच राहतो. सपाट प्लास्टरचा विखुरणांक (आदळलेल्या आवाजाचा किती भाग इतस्ततः विखुरतो) किती धरलाय? ०.०५च्या आसपास हवा. सगळीकडे ०.३ भरला की फडफड मॉडेलमधून गायब होते, हॉलमधून नाही. तिसरं, आवाजाची पातळी. फाइल बनवताना सॉफ्टवेअर प्रत्येक आवाज आपोआप सारखा मोठा करू शकतं. मग पॅनलमुळे गोंगाट किती उतरला, हे कानाला कळणारच नाही. ती सोय बंद करून, व्हॉल्यूमचं बटण न हलवता सगळे पर्याय ऐकवायला सांगा.

आणि शेवटच्या रांगेतूनच ऐका, पंखे सुरू असल्याचा आवाज मिसळून.

प्रश्न : आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉपवर हे जमेल का?
— विद्यार्थिनी, नेरूळ

उत्तर : जमेल. राइनो हे थ्रीडी मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर असेल तर त्याचं पॅकीडर्म हे प्लगइन मोफत आहे. ओडिऑन, ईझ विकतची आहेत. मॉडेल नव्याने, साधं काढ. रेलिंग, मोल्डिंग, खुर्च्यांचे पाय नकोत; प्रेक्षकांचा भाग एक ठोकळा म्हणून दाखव. प्रत्येक मटेरिअलला वेगळा लेअर दे. सांध्यात फट राहिली तर सॉफ्टवेअरने सोडलेले आवाजाचे किरण बाहेर निसटतात आणि खोली आहे त्यापेक्षा कोरडी, म्हणजे कमी घुमणारी वाटते. वक्त्याचं तोंड १.५ मीटरवर, बसलेल्या श्रोत्याचा कान १.२ मीटरवर ठेव. मूळ ध्वनिमुद्रण पूर्ण कोरडं हवं. वर्गात रेकॉर्ड केलेलं घेतलंस तर दोन खोल्यांची घुमणूक एकावर एक चढेल. लॅपटॉपच्या स्पीकरवरही ऐकू नकोस, कारण तेच आहे.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेव. किरणांची पद्धत खालच्या सुरांना लागू पडत नाही. ती हद्द काढायला घुमणुकीच्या वेळेला घनफळाने भाग, वर्गमूळ काढ, २००० ने गुण. वरच्या हॉलला ती ७० हर्ट्झच्या जवळ येते, म्हणजे काळजी नाही. पण ३६ घनमीटरच्या, अर्ध्या सेकंदाच्या घुमणुकीच्या स्टुडिओला २३६ येते. तिथे तबल्याच्या डग्ग्याबद्दल हेडफोनवर विश्वास टाकू नकोस.