पक्षांतर्गत निवडणुका झाल्या नाहीत, तर सामान्य मतदाराचं काय बिघडतं?

तुमचा प्रश्न असा की, पक्षाने आपला अध्यक्ष निवडला काय किंवा नेमला काय, तो त्यांचा घरचा मामला. मतदाराला त्याचं काय? माझ्या मते मतदाराचं त्यात फार मोठं नुकसान आहे. तुमचा आमदार कुणाला घाबरतो, हे तिथेच ठरतं.

आपण मत देण्याआधी एक निवड उरकलेली असते, ती उमेदवारीची. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचं पत्र, कुणाला द्यायचं हे मोजकी माणसं ठरवतात. पुढे सभागृहात व्हिपही, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षादेशही, त्यांच्याच मर्जीने निघतो, आणि १९८५च्या ५२व्या घटनादुरुस्तीनंतर तो मोडला तर आमदारकी जाऊ शकते. म्हणजे तिकीट देणारे आणि मत कुठे टाकायचं ते सांगणारे एकच. ही माणसं पक्षात कुणी निवडलेलीच नसतील, तर त्यांना जाब विचारणार कोण?

हे नेहमी असंच नव्हतं. १९२०च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने नवी घटना स्वीकारली: चार आणे वर्गणीचे सभासद, भाषावार प्रांतिक समित्या, त्याखाली जिल्हा आणि तालुका. गटबाजी त्यातही होती, पण खालची नाराजी वर पोचायला वाट होती. संघटनेचं वजन किती होतं, ते १९६३च्या कामराज योजनेत दिसलं. सहा मुख्यमंत्री आणि सहा केंद्रीय मंत्री पदं सोडून पक्षकार्याला निघाले. पुढे पंतप्रधानपदी शास्त्री आणि इंदिरा गांधी यांच्या निवडीत पक्षाध्यक्ष कामराजांचा शब्द निर्णायक ठरला.

काँग्रेसच्या १९६९च्या फुटीनंतर चित्र उलटलं. १९७१मध्ये इंदिराजींनी ३५२ जागा जिंकल्या त्या जुन्या संघटनेला बाजूला सारून. १९७२नंतर जवळपास वीस वर्षं काँग्रेसमध्ये संघटनात्मक निवडणुका झाल्या नाहीत. महाराष्ट्राने त्याची किंमत मोजली. जून १९८० ते मार्च १९८६ या काळात अंतुले, बाबासाहेब भोसले, वसंतदादा, निलंगेकर आणि शंकरराव चव्हाण असे पाच मुख्यमंत्री झाले, तेही एकाच पक्षाचे. पायउतार होण्याची कारणं वेगवेगळी होती, पण भोसल्यांचं नाव दिल्लीहून आलं तेव्हा इथल्या आमदारांनाही धक्का बसला होता. मुख्यमंत्री किती दिवस टिकेल याचा भरवसा नसला की सचिव जोखमीचा निर्णय पुढे ढकलतात आणि मंत्री मतदारसंघापेक्षा दिल्लीच्या वाऱ्या जास्त करतात.

मात्र संघटना मजबूत असली की कारभार आपोआप सुधारतो, असंही मी म्हणणार नाही. पश्चिम बंगालमध्ये १९७७नंतर डाव्यांच्या गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांमुळे बटाईदारांची (वाट्याने दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांची) नोंदणी झपाट्याने झाली. कागदावरचा कायदा जमीनदाराच्या वाड्यापुढे उभा राहायला त्या माणसांमुळेच धजला. पण पुढे दाखला असो की तंटा, पक्षाच्या स्थानिक समितीला विचारल्याशिवाय पान हलेना. २०११मध्ये सत्ता गेली त्यामागे हा रागही होता.

अलीकडचं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. शिवसेना (२०२३) आणि राष्ट्रवादी (२०२४) या दोन्ही वादांत निवडणूक आयोगाला संघटनेतल्या बहुमतावर विसंबता आलं नाही. शेवटी निकाल आमदार-खासदारांच्या संख्येवर लागला. लाखो कार्यकर्त्यांनी आयुष्य वेचलेल्या पक्षाचं नाव आणि चिन्ह कुणाचं, हे ठरवताना त्या कार्यकर्त्यांचं मत मोजलंच गेलं नाही. मला हे फार लागलं.

जर्मनीच्या राज्यघटनेत, कलम २१ मध्ये, पक्षांचा अंतर्गत कारभार लोकशाही तत्त्वांनुसारच असला पाहिजे असं स्पष्ट लिहिलेलं आहे. आपल्याकडे लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २९-अ पक्षाकडून राज्यघटनेवरच्या निष्ठेची हमी घेतं, पण पक्षात खरीखुरी निवडणूक झाली नाही म्हणून नोंदणी रद्द करण्याचा अधिकार आयोगाला नाही. बदल इथून सुरू व्हावा असं मला वाटतं. त्यातही अध्यक्षाच्या निवडणुकीआधी उमेदवारी हाती घ्यावी. मतदारसंघातल्या नोंदणीकृत सभासदांनी गुप्त मतदानाने उमेदवार निवडला, तर पुढच्या वेळी तिकिटासाठी आमदाराला मुंबई-दिल्लीकडे पाहण्याऐवजी आपल्या तालुक्यातल्या माणसांकडे यावं लागेल.