वाचक विचारतात: डिसेंबरात नॉर्वेला पक्षी बघायला जाऊ का?

प्रश्न: नमस्कार. आम्ही चौघं दर हिवाळ्यात भिगवण, कवडीपाट करतो. आता नॉर्वेच्या उत्तर टोकाला वारांगरला आयडर बदकं बघायला जायचंय. सुट्टी डिसेंबरातच मिळतीये. आईपण येते म्हणतीये, तिचे गुडघे दुखतात. जमेल का? कपडे काय घ्यायचे?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: डिसेंबर विसरा हो. वारांगर ७० अंश उत्तरेला आहे, तिथे नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारी अर्धा उलटेपर्यंत सूर्य वर येतच नाही, दुपारी थोडा वेळ निळसर उजेड पडतो आणि त्यात पाण्यावर बदक आहे का मासेमारीचा फुगा तेही कळायचं नाही. साहेबाच्या मागे लागा आणि मार्चमधली सुट्टी घ्या. तेव्हा दिवस मोठा झालेला असतो, आयडर अजून तिथेच असतात आणि वार्डो गावासमोरच्या होर्नया बेटावर गिलेमॉट हे समुद्रपक्षी यायला लागतात. रंगीत चोचीच्या पफिन या समुद्रपक्ष्यासाठी मात्र एप्रिल धरा.

आईंना न्या, बिनधास्त. अटलांटिकच्या कोमट प्रवाहामुळे तिथला समुद्र गोठत नाही, म्हणून तर सायबेरियात अंडी घालणारे स्टेलर्स आयडर थंडी काढायला इथे येतात, आणि ते वाडसो, वार्डोच्या बंदरात अगदी धक्क्याजवळ पोहत असतात. गाडीत बसून काच खाली करून बघा. नर एकदम देखणा, डोकं पांढरं, छाती फिकट नारिंगी. चोचीवर नारिंगी टेंगूळ असलेला किंग आयडर जवळून हवा असेल तर बोट्सफ्योर्ड गावाला पाण्यावर तरंगणारं हाइड (लपून पक्षी बघायची खोली) आहे, पण तिथे हालचाल न करता खूप वेळ बसायचं असतं, त्या दिवशी आईंना हॉटेलात आराम करू दे.

कपड्यांचं म्हणाल तर जीन्स आणि सुती बनियन घरीच ठेवा, घाम आला की ओलं राहतं आणि मग कुडकुडायला होतं. आत लोकरीचं, मध्ये फ्लीस, वर वारा अडवणारं जॅकेट. पारा समुद्रामुळे फार खाली जात नाही, खरा त्रास वाऱ्याचा (आपण १२ अंशाला कानटोपी काढणारी माणसं!). बूट एक नंबर मोठे घ्या, जाड मोजे मावले पाहिजेत.

कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या आतल्या खिशात ठेवा, गारठ्यात लवकर उतरतात. बाहेरून आल्यावर कॅमेरा लगेच काढू नका, बाहेरच पिशवीत घट्ट बंद करून मग खोलीत आणा आणि तासभर तसाच राहू द्या, नाहीतर लेन्सवर पाणी धरतं. दुर्बीण ८ बाय ४२ (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरे.

आणि परतीचं विमान शेवटच्या दिवसाला चिकटवून काढू नका, वादळात रस्ते बंद होतात, कधीकधी बर्फ काढणाऱ्या गाडीच्या मागून सगळ्यांना रांगेत सोडतात. एक दिवस मोकळा ठेवाच.