रोबोटला हात धरून काम शिकवता येतं, मग त्याला माणसासोबत कामाला लावायला इतका वेळ का लागतो?

हात धरून शिकवता येतं, हे खरं आहे. रोबोटच्या हाताच्या मोटरी सैल करायच्या, हात धरून हवा तिथे न्यायचा, सांध्यांचे कोन आपोआप नोंदले जातात. मी हेच काम करतो. वेळ खातं ते दुसरंच.

खुंटी भोकात बसवायचं काम घ्या. शिकवणारा दहा वेळा ती अलगद बसवून दाखवतो. रोबोट एकटा करायला लागला की खुंटी भोकाच्या काठावर अडते आणि तो तिथेच दाबत राहतो, कारण अडलेली खुंटी त्याला कुणी दाखवलेलीच नसते. माणसाची खुंटी अडली तर तो पकड ढिली करतो, किंचित तिरकी करून कड चाचपतो. पण विचारलं तर त्याला हे सांगता येत नाही. ते बोटांना माहीत असतं.

ही जुनीच अडचण आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठात डीन पोमरलो नावाच्या संशोधकांचं अ‍ॅल्विन हे न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारा संगणक प्रोग्राम, चालकाचं पाहून गाडी चालवायला शिकायचं. चांगला चालक गाडी कडेला जाऊच देत नाही, मग कडेवरून परत कसं यायचं हे नेटवर्क शिकणार कुठून? पोमरलो यांनी कॅमेऱ्याची चित्रं थोडी बाजूला सरकवून, गाडी तिथे असती तर स्टिअरिंग किती वळवावं लागलं असतं, असे नमुने तयार केले. 2011 मध्ये डॅगर ही पद्धत आली : रोबोटला त्याच्या मनाने चालू द्यायचं, तो जिथे जाईल तिथे काय करायला हवं होतं ते माणसाला विचारायचं आणि ती उत्तरं शिकवणीत घालायची. मला ही कल्पना फार आवडते. मी शिकवणाऱ्यांना मुद्दाम खुंटी अडलेल्या अवस्थेतून सुरुवात करायला लावतो. सुरुवातीला त्यांना ते चुकीचं वाटतं.

सोबत काम करताना यात आणखी भर पडते. रोबोट तुमच्या हातात वस्तू देतोय. त्याने ती लवकर सोडली तर पडते, उशिरा सोडली तर ओढाताण होते. म्हणून मनगटातल्या सेन्सरला तुमची ओढ जितकी जाणवेल तितकी पकड सैल करत न्यावी लागते. पण एकदा ओढाताण झाली की माणूस पुढच्या वेळी बिचकत हात पुढे करतो, आणि रोबोट तेव्हाही शिकत असेल तर तो हे बिचकणंच शिकतो. ते नमुने मी बाजूला काढतो, वेग कमी करतो आणि त्याच माणसाला पुन्हा बोलावतो. दिवस जातात ते इथेच.